नेट स्लो आहे की वेबसाईटवरचा फोटोच जड? ‘वेबपी’ आणि ‘एव्हीआयएफ’चं गणित समजून घ्या

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी म्हणून ही जागा ओळखली जाते. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते, दूरदूरच्या तांड्यांवरून आणि शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात. एरवी आसपासच्या काही गावांपुरता असलेला मोबाईल टॉवर त्या दिवशी प्रचंड गर्दीचे फोन सांभाळत असतो.

समजा, त्या गर्दीत कुणीतरी फोन काढला. नंगारा वस्तुसंग्रहालय किती वाजेपर्यंत उघडं आहे, एवढंच बघायचंय. लिंक उघडते, वर नाव दिसतं आणि खाली नुसती पांढरी जागा. मग एक भलामोठा फोटो पट्टीपट्टीने वरून खाली उतरायला लागतो. संग्रहालयाची वेळ त्या फोटोच्या खाली लिहिलेली आहे. “नेट गेलं वाटतं” म्हणून फोन परत खिशात जातो.

नेट गेलेलं नसतं. जेवढं मिळत होतं, तेवढं सगळं त्या एका फोटोने खाल्लेलं असतं.

हा प्रश्न फक्त यात्रेपुरता नाही. बाजारभाव बघताना, बातमी वाचताना, एखाद्या योजनेची माहिती शोधताना रोज हेच होतं. आणि गंमत म्हणजे यावरचा उपाय गेली अनेक वर्षं उपलब्ध आहे, तोही फुकट. तो काय आहे, ते समजून घेऊया.

एक फोटो किती जड असतो?

आजच्या साध्या स्मार्टफोनचा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचा फोटो सहज काढतो. म्हणजे ४,००० बाय ३,००० पिक्सेल, एकूण १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा साठवायचा तर ३ बाईट लागतात. हिशोब केला तर एकच फोटो ३६ एमबीचा होईल. फोन तो दाबून जेपीईजी फॉरमॅटमध्ये साठवतो, म्हणून तो ३ ते ५ एमबीवर येतो.

आता हाच फोटो कुणी उचलून थेट वेबसाईटवर टाकला, तर काय होतं? बऱ्याच फोनच्या स्क्रीनची रुंदी १,०८० पिक्सेल असते. त्या रुंदीत हा फोटो १,०८० बाय ८१० एवढाच दिसतो, म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास पिक्सेल. आले १ कोटी २० लाख, दिसले पावणेनऊ लाख. चौदा पोती माल गाडीत भरून आणायचा आणि दारात एकच पोतं उतरवून घ्यायचं, असा हा व्यवहार आहे. भाडं मात्र चौदा पोत्यांचं.

हे भाडं कोण भरतं?

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कार्यक्रमाच्या बातमीत ४ एमबीचे १२ फोटो आहेत. एकूण ४८ एमबी. गावाबाहेर, शेतात किंवा एसटीत २ एमबीपीएस स्पीड मिळतोय असं धरा. हे ‘एमबीपीएस’ मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाईल मेगाबाईटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाईट, त्यामुळे ४८ एमबी उतरायला १९२ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद लागतील.

तेच फोटो योग्य आकारात, नव्या फॉरमॅटमध्ये साधारण १०० केबीचे केले, तर बारा फोटो मिळून १.२ एमबी होतात. वेळ लागेल सुमारे ५ सेकंद.

पैशांचा हिशोबही आहेच. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर ४८ एमबीची पानं ३२ वेळा उघडली की दिवसाचा डेटा संपला. फोटो जड ठेवण्याचा निर्णय वेबसाईट चालवणारा घेतो, पण त्याचा भुर्दंड वाचणाऱ्याच्या रिचार्जवर पडतो. आणि ज्याचं नेटवर्क सगळ्यात कमकुवत, त्याला तो सगळ्यात जास्त बसतो.

भार वेबसाईटच्या सर्व्हरवरही येतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी वाशिम जिल्ह्यात आले होते. पोहरादेवीच्या संग्रहालयाचं उद्घाटन आणि पीएम-किसान योजनेचा १८वा हप्ता, दोन्ही त्याच दिवशी झालं. देशभरातल्या ९ कोटींहून अधिक शेतकऱ्यांसाठी तो हप्ता होता. अशा दिवशी असंख्य लोक एकाच वेळी एकाच विषयाची पानं उघडतात. समजा पानावर १ एमबीचा एक बॅनर आहे आणि ते १ लाख लोकांनी उघडलं, तर फक्त त्या बॅनरपायी सुमारे १०० जीबी डेटा पाठवावा लागतो. बॅनर १०० केबीचा असेल, तर हेच काम १० जीबीत होतं.

फोटो हलका होतो म्हणजे नेमकं काय होतं?

फोटो दाबण्याच्या दोन पद्धती आहेत. वाशिम-कारंजाकडच्या माणसाला त्या शेतमालाच्या भाषेत लगेच समजतील.

पहिली पद्धत कापसाच्या गाठीसारखी. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, ती कमी जागेत मावते. गाठ सोडली की कापूस तोच, तेवढाच. याला ‘लॉसलेस’ म्हणतात. पीएनजी हा फॉरमॅट असा चालतो.

दुसरी पद्धत तुरीची डाळ करण्यासारखी. साल काढलं, वजन कमी झालं, वरणाच्या चवीत काही फरक नाही. पण त्या डाळीची पुन्हा तूर होत नाही. याला ‘लॉसी’ म्हणतात. जेपीईजी ही अशी डाळ आहे.

१९९२ सालच्या जेपीईजीने माणसाच्या डोळ्याची एक सवय हेरली. आपल्याला उजेड-अंधारातला बारीक फरक पटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही. म्हणून रंगाची माहिती कमी ठेवली तरी चालते. मग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला न जाणवणारे बारकावे सोडून द्यायचे. फोटो फार दाबला की हेच चौकोन दिसायला लागतात. दहा ग्रुप फिरून आलेल्या फोटोवर ते तुम्ही नक्की पाहिले असतील.

वेबपी : रोज वापरता, पण माहीत नाही

गुगलने ३० सप्टेंबर २०१० ला वेबपी हा फॉरमॅट जाहीर केला. गुगल त्याचा उच्चार ‘वेप्पी’ असा करतं. त्याची मूळ कल्पना व्हिडिओतून आली. व्हिडिओ दाबताना शेजारच्या चौकोनावरून पुढच्या चौकोनात काय असेल याचा अंदाज बांधतात आणि अंदाज जिथे चुकला, तेवढाच फरक साठवतात. सोयाबीनच्या हिरव्यागार शेताचा फोटो घ्या. डावीकडे हिरवं आहे, तर उजवीकडेही बहुतेक हिरवंच असणार. प्रत्येक वेळी ते नव्याने कशाला लिहायचं?

गुगलच्या स्वतःच्या मोजमापानुसार, तेवढ्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा वेबपी २५ ते ३४ टक्के लहान असतो. लॉसलेस प्रकारात तो पीएनजीपेक्षा २६ टक्के लहान भरतो. पीएनजीसारखी पारदर्शक पार्श्वभूमी आणि जिफसारखं हलतं चित्र, दोन्ही त्यात जमतं.

तुम्ही व्हॉट्सॲपवर स्टिकर पाठवता ना? तो वेबपीच असतो. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे साधा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा आणि १०० केबीच्या आत असावा लागतो. म्हणूनच कमी रेंजमध्ये फोटो अडकून पडतो, पण स्टिकर पटकन जातो.

मग सगळ्या वेबसाईट लगेच वेबपीवर का गेल्या नाहीत? कारण फोटो उघडणं ब्राउझरच्या हातात असतं. क्रोम गुगलचाच, तिथे अडचण नव्हती. फायरफॉक्सने वेबपी जानेवारी २०१९ मध्ये स्वीकारला, ॲपलच्या सफारीने सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे जाहीर झाल्यापासून आयफोनवर पोहोचायला त्याला दहा वर्षं लागली.

एव्हीआयएफ : त्याहून हलका

२०१५ मध्ये गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला, इंटेल आणि सिस्को या कंपन्यांनी ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ ही संघटना काढली. रॉयल्टी न भरता कुणालाही वापरता येईल असं व्हिडिओ तंत्र बनवणं हा तिचा उद्देश. २०१८ मध्ये एव्ही१ आलं आणि त्याच्याच एका फ्रेमवर आधारलेला फोटोचा फॉरमॅट म्हणजे एव्हीआयएफ. तो २०१९ मध्ये ठरला.

जेपीईजीचे चौकोन कायम ८ बाय ८ चे. एव्हीआयएफ गरजेप्रमाणे चौकोन लहान-मोठा करतो, अगदी १२८ बाय १२८ पर्यंत. मोकळं आभाळ असेल तर एकाच मोठ्या चौकोनात काम भागतं आणि मंदिराच्या कोरीव कामावर आलं की चौकोन लहान होतात. त्यामुळे बऱ्याच फोटोंत तो जेपीईजीच्या निम्म्याच्या आसपास येतो आणि तरी चांगला दिसतो. क्रोमने तो ऑगस्ट २०२० मध्ये, फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये, सफारीने २०२२ मध्ये आणि एजने जानेवारी २०२४ मध्ये स्वीकारला.

याचा तोटा एकच. फोटो एव्हीआयएफमध्ये बदलायला संगणकाला जास्त वेळ आणि ताकद लागते. रोज शेकडो फोटो टाकणाऱ्या छोट्या न्यूज पोर्टलसाठी वेबपी पुरेसा आहे. पानावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त पाहिला जाणारा फोटो एव्हीआयएफ केला, तर मेहनतीचं चीज होतं.

मराठी अक्षरं का फाटतात?

आपल्याकडे फोटो म्हणजे फक्त फोटो नसतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, नोटीस, बाजारभावाचा तक्ता, सगळं चित्र करून टाकलं जातं. आणि इथे लॉसी फॉरमॅटची खरी अडचण होते.

अक्षराची कड तीक्ष्ण असते. जेपीईजी जास्त दाबला की त्या कडेभोवती डाग उठतात. देवनागरीत अनुस्वाराचा टिंब, रफार, नुक्ता हे सगळं शिरोरेषेला चिकटून किंवा अक्षराच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे डागाने वाचायचा शब्दच बदलू शकतो. पिवळ्या बॅनरवर लाल अक्षरं असतील तर अजून वाईट, कारण रंगाची माहिती आधीच कमी केलेली असते. लॉसी वेबपीतही रंग असेच कमी होतात. म्हणून अक्षरांचं चित्र टाकायचंच असेल, तर ते पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी करावं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मजकूर मजकूर म्हणूनच लिहिणं. युनिकोडमधली पानभर नोटीस काही केबीत बसते. ती गुगलवर शोधता येते, कॉपी करता येते, मोठी करून वाचता येते आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ती मोठ्याने वाचून दाखवतो. फोटोतल्या नोटिशीत यातलं काहीच भरवशाने होत नाही. सगळ्यात हलका फोटो म्हणजे न टाकलेला फोटो.

फक्त फॉरमॅट बदलला की झालं का?

नाही. ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो वेबपी केला, तरी तो ४,००० पिक्सेलचाच राहतो. वेबसाईट चालवणाऱ्यांनी हा क्रम पाळला तर फरक लगेच दिसतो.

• आधी आकार कमी करा. मोबाईलवर दिसणाऱ्या फोटोला १,०८० ते १,२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. एकाच फोटोच्या दोन-तीन रुंदीच्या प्रती ठेवल्या, तर ब्राउझर स्क्रीन बघून हवी ती प्रत उचलतो.

• मग फॉरमॅट बदला. क्रोमच्या टीमने बनवलेलं ‘स्क्वूश’ हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी दिसतो. एक लक्षात ठेवा, क्वालिटीचा ८० हा आकडा म्हणजे ८० टक्के दर्जा नव्हे. प्रत्येक फॉरमॅटचं माप वेगळं आहे. आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

• वर्डप्रेस वापरत असाल तर काम सोपं आहे. जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून त्यात वेबपी चालतो, एप्रिल २०२४ च्या ६.५ पासून एव्हीआयएफ. वर्डप्रेस अपडेट केलेलं असणं आणि सर्व्हरवर त्याची सोय असणं तेवढं गरजेचं.

• खालचे फोटो नंतर उतरू द्या. याला ‘लेझी लोडिंग’ म्हणतात. वाचणारा स्क्रोल करत जवळ आला की मगच फोटो येतो. पण पानाच्या अगदी वरच्या फोटोला हे लावू नका, नाहीतर तोच उशिरा दिसेल.

• फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा. ती नसेल तर फोटो आल्यावर मजकूर एकदम खाली ढकलला जातो. बातमीवर बोट ठेवायला जावं आणि नेमकी जाहिरात दाबली जावी, हे त्यामुळेच होतं.

• लोकेशन काढून टाका. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला याची माहिती असू शकते. फोटो बदलताना ती पुसली, तर कुणाच्या घराचा पत्ता चुकून जगजाहीर होत नाही.

• शेअरचा फोटो जेपीईजी ठेवा. लिंक पाठवल्यावर प्रिव्ह्यूत जो फोटो दिसतो, त्यासाठी सगळेच प्लॅटफॉर्म नवे फॉरमॅट घेतील याची खात्री नसते.

एवढं करून झालं की गुगलच्या ‘पेजस्पीड इन्साइट्स’वर पानाचा पत्ता टाकून तपासा, मोफत आहे. पानावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला, तर गुगल त्याला ‘चांगलं’ म्हणतं. २०२१ पासून सर्चमध्ये पान वर-खाली होण्यात या मोजमापाचाही वाटा असतो.

जुन्या फोनचं काय?

नवा फॉरमॅट आणला आणि जुना फोनवाला बाहेर राहिला, तर उपयोग काय? २०१७ मध्ये आलेला जिओफोन आठवतोय? त्याची कायओएस ही प्रणाली २०१६ च्या फायरफॉक्सवर आधारलेली आहे आणि त्या काळच्या फायरफॉक्सला वेबपी उघडता येत नव्हता.

यावरही सोपी युक्ती आहे. एचटीएमएलमध्ये ‘पिक्चर’ नावाचा टॅग आहे. त्यात तीन पर्याय क्रमाने लिहायचे: आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीईजी. ब्राउझर वरून खाली बघत जातो आणि जो कळतो तो पहिला उचलतो. बाकीचे उतरवत नाही. नव्या फोनला हलका फोटो मिळतो आणि जुन्या फोनलाही रिकामा चौकोन दिसत नाही.

सेव्ह केलेला फोटो वेबपी निघाला तर?

सोशल मीडियावरची ही नेहमीची तक्रार. वेबसाईटवरून फोटो सेव्ह केला आणि भरतीच्या फॉर्ममध्ये किंवा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो चालेना. अशा वेळी अनेकजण फाईलच्या नावातलं वेबपी खोडून जेपीजी लिहितात. पोत्यावर ‘गहू’ लिहिल्याने आतल्या ज्वारीचा गहू होत नाही. तो फोटो विंडोजच्या पेंटमध्ये किंवा स्क्वूशमध्ये उघडा आणि जेपीईजी म्हणून नव्याने सेव्ह करा.

आणि ब्राउझर अपडेट ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच एक गंभीर त्रुटी सापडली होती. क्रोम आणि फायरफॉक्सने लगेच दुरुस्ती दिली, पण ती अपडेट करणाऱ्यांनाच मिळाली.

वाशिमसाठी हे महत्त्वाचं का?

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते, त्यात वाशिम आहे. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, कारंजातलं नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, पोहरादेवी, वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी राहिलेलं वाशिम शहर, दाखवण्यासारखं खूप आहे. पण बाहेरचा माणूस आधी फोनवर बघतो, मग येतो.

जिल्ह्याची अधिकृत वेबसाईट एनआयसीच्या ‘एसथ्रीवास’ या सामाईक व्यवस्थेवर चालते. देशातल्या इतर जिल्ह्यांच्या वेबसाईटही तिथेच आहेत आणि तिच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. सामाईक व्यवस्थेचा फायदा असा की एक सुधारणा सगळ्यांना मिळते. पण कुठला फोटो चढवायचा आणि नोटीस टाईप करायची की तिचा फोटो काढायचा, हे शेवटी त्या-त्या टेबलावर बसलेला माणूस ठरवतो. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम आखला, त्यात वेबसाईट अद्ययावत करणं हा एक मुद्दा होता. अद्ययावत म्हणजे नवी माहिती आलीच. ती माहिती कमी रेंजमध्ये उघडते का, हेही त्यातच आलं पाहिजे.

नवा टॉवर उभा राहायला महिने जातात आणि तो गावकऱ्यांच्या हातात नसतो. फोटो हलका करायला दोन मिनिटं लागतात. ग्रामपंचायतीची वेबसाईट असो, शाळेची, दुकानाची किंवा गावातल्या पोर्टलची, पुढचा फोटो चढवण्याआधी त्याची साईज एकदा बघा. आकड्यापुढे ‘एमबी’ दिसलं, तर थांबा. पलीकडे कुणीतरी एका काडीच्या रेंजवर तेच पान उघडायची वाट बघतंय.